चामड्याची कड का सुटते, टाके मागून वाकडे का येतात? हाताने चामडं शिवणाऱ्यांसाठी चर्चेचा धागा

वेताळटेकडी (पुणे)

नमस्कार. मी चार वर्षं घरी चामड्याचं काम करतोय. पाकिटं, पट्टे, चष्म्याची घरं, एक शबनम. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटपली की. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे व्हिडिओ बघत आणि कातडं वाया घालवत शिकलो.

मार्चमध्ये बाबांच्या पंच्याहत्तरीला कमरेचा पट्टा केला. वरचा थर १.८ मिमी, खालचा अस्तराचा थरही तेवढाच. दोन्ही वेगवेगळे कापले, मध्ये चिकटवायचं सोल्यूशन लावलं, चारी बाजूंनी हाताने शिलाई, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, लाकडी घासणी आणि वरून मेण. दिला त्या दिवशी कडेवर बोट ठरत नव्हतं.

आता ऑगस्ट आहे. बाबा काही बोलत नाहीत, रोज तोच पट्टा लावतात. पण मला बघवत नाही. कडेला बारीक तंतू उभे राहिलेत, दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते, आणि बकलाजवळ जिथे पट्टा दुमडतो तिथे नख आत जाईल इतकी फट पडलीय. शिलाई तुटलेली नाही. मात्र पुढून टाके छान तिरके दिसतात आणि मागून ओळ हलते, मध्येच सरळ, मध्येच वर-खाली.

दुसरा पट्टा करायचा आहे. त्याआधी नक्की कुठे चुकलं ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आधी दोन प्रश्न. कातडं कुठलं घेतलंत? आणि कापल्यावर कडेचा आतला रंग कसा दिसतो? वरचा नव्हे, मधला.

वेताळटेकडी

धारावीतल्या एका दुकानातून. दोन्ही तुकडे ‘व्हेज टॅन’ (झाडाच्या सालीत कमावलेलं) म्हणूनच घेतले. आत्ता भिंगाखाली पाहिलं. वरचा थर आरपार तपकिरी आहे. अस्तराच्या मधोमध मात्र निळसर करडी रेघ दिसते.

पंचगंगाकाठ

मग उत्तर तिथेच आहे. तुमचं अस्तर क्रोमचं आहे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, वरून तपकिरी रंगवलेलं. खात्री करायची असेल तर दोन्हींचा बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं आकसतं, वळतं आणि वाळल्यावर लाकडासारखं कडक होतं. क्रोमचं जसंच्या तसं राहतं. टॅनरीतही क्रोमचा माल नीट कमावला गेला की नाही ते उकळूनच बघतात.

कडेचा सगळा खेळ यावर आहे. साल, हिरडा, बाभूळ यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याच्या तंतूंमध्ये टॅनिन भरलेलं असतं. ओल दिली आणि घासलं की घर्षणाने ऊब येते, तंतू दबतात, एकमेकांना चिकटून बसतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. क्रोमचे तंतू मऊ आणि लवचीक. पाणी सहज पीत नाहीत, दाबले तर सोडल्यावर परत उभे राहतात. त्यांना तुम्ही मेणाने चिकटवून ठेवलं होतं. चार महिन्यांत घामाने आणि पँटच्या लुप्यांनी ते मेण पुसून गेलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कड घासणं हे शेवटचं काम असलं तरी कड ठरते ती कातडं विकत घेताना. दुकानात जाताना खिशात पाण्याची बारीक बाटली ठेवा. रंग न दिलेल्या, उघड्या कातड्यावर एक थेंब टाका. थोड्या वेळात जिरला आणि डाग गडद झाला तर पुढे बोला. आणि कोपऱ्याची चीर काढून मधला रंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनीवही (मुंबई)

पंचगंगाकाठ यांच्याशी सहमत. पण वेताळटेकडी, तुमच्या वर्णनात आणखी एक गोष्ट खटकली. दोन्ही थर ‘वेगवेगळे कापले’ म्हणता. सोल्यूशन अगदी कडेपर्यंत लावलं होतं का?

वेताळटेकडी

नाही. बाहेर ओघळू नये म्हणून कडेपासून ४-५ मिमी आतपर्यंतच लावलं. शिलाई तिथूनच जाणार होती, ती धरून ठेवेल असं वाटलं.

उकळून पाहिलं. वरचा तुकडा आकसून जवळजवळ दोनतृतीयांश राहिला, कडक झाला. अस्तर तसंच. म्हणजे मला व्हेज टॅन म्हणून क्रोमचं विकलं. फूटभर कातड्याचे जास्तीचे पैसे गेले याचं नाही, बाबांच्या पट्ट्यात ते गेलं याचं वाईट वाटतं.

जुनीवही

तर मग हेही कारण आहे. शिलाई कडेपासून ४ मिमी आत असते. तिच्या बाहेरचा भाग धरून ठेवणारं एकच माणूस, ते म्हणजे सोल्यूशन. तिथेच नेमकं ते नव्हतं.

क्रम असा ठेवा. अस्तर पट्ट्यापेक्षा सगळीकडून ५ मिमी मोठं कापा. दोन्ही तुकड्यांच्या चिकटणाऱ्या बाजू खरखरीत करा. सोल्यूशन दोन्हीकडे पातळ, कडेच्या बाहेरपर्यंत. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि गुळगुळीत हातोडीने मधून कडेकडे ठोकत या. पूर्ण वाळू द्या. मग नवीन पात्याने, पट्टी धरून, दोन्ही थर एकाच कापात एकदम कापा. दोन थरांची कड एकाच वेळी जन्माला आली तरच ती एक दिसते. नंतर घासून त्यांना एका पातळीवर आणायला गेलं की वरचा थर विनाकारण झिजतो.

बकलाजवळ फट पडली ती वेगळ्या कारणाने. १.८ आणि १.८ मिळून ३.६ मिमी जाडीचं कातडं दुमडलं की बाहेरचा थर ताणला जातो, आतल्याला जागा उरत नाही, तो बाहेर पडायला बघतो. दुमडणाऱ्या भागात प्रत्येक थर आतून तासून साधारण १ मिमीवर आणा, तेही हळूहळू उतरतं, पायरी न ठेवता.

मी पुस्तकबांधणी करतो, बकरीच्या कातड्यात. आमच्याकडे कड उघडी ठेवतच नाहीत, आत वळवतात. कातडं कडेला सुमारे १२ मिमी रुंद पट्टीत तासत तासत अर्ध्या मिलिमीटरवर आणायचं, अगदी टोकाला कागदासारखं, आणि खळ लावून पुठ्ठ्यावर आत घडी घालायची. कोपऱ्यावर हाडाच्या पट्टीने बारीक चुण्या बसवायच्या. क्रोमचं मऊ कातडं वापरायचंच असेल तर पाकिटाला ही घडीची कड द्या, त्याला घासत बसू नका.

गोगलगाय (फोंडा)

किंवा एज पेंट, म्हणजे कडेला द्यायचा रंग. मी क्रोमच्या पर्स करते, सगळ्यांना एज पेंटच.

पहिला हात खूप पातळ, तंतू बसवण्यापुरता. वाळला की तंतू कडक उभे राहतात, ते ४०० ने काढायचे. मग दुसरा हात, परत ६०० ने हलकं घासणं, मग तिसरा. बऱ्याच जणी घाईने एकच जाड थर देतात, तो वाकवला की भेगा पडतात आणि सालपटासारखा निघतो. पातळ चार हात जाड एकापेक्षा कधीही बरे.

आणि पावसाळ्यात प्रत्येक हाताला दुपटीने वेळ द्या. इथे जुलैत मी दिवसाला एकच हात देते.

धुकं_आणि_चहा (वेस्ट मिडलंड्स, इंग्लंड)

हा धागा वाचून राहवलं नाही. टाक्यांबद्दल लिहिते.

मी राहते तिथून वॉल्सॉल अर्ध्या तासावर आहे. खोगीर आणि घोड्याच्या साजाचं इंग्लंडमधलं हे जुनं गाव. इतकं की तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावच ‘सॅडलर्स’ आहे. मी दोन वर्षं शनिवारी एका निवृत्त खोगीर-कारागिराकडे शिकायला जात होते. पहिले सहा शनिवार त्यांनी मला फक्त एक सरळ रेघ शिवायला लावली. वस्तू नाही, नुसती रेघ. रेघ झाली की मागून बघायचे. पुढची बाजू त्यांनी सहा आठवड्यांत एकदाही पाहिली नाही.

वेताळटेकडी, भोकं कशी पाडता?

वेताळटेकडी

चार मिमी अंतराने सहा दात असलेल्या छिन्नीने, वरून ठोकून आरपार.

धुकं_आणि_चहा

तिथेच मागची ओळ हलते. ३.६ मिमी जाड कातड्यात छिन्नी थोडी जरी कलली तरी मागे भोक ओळीबाहेर निघतं. शिवाय दात मुळाशी जाड असतात, आरपार गेले की पुढचं भोक फाकतं.

छिन्नी किंवा प्रिकिंग आयर्न (टाक्यांच्या खुणा उमटवायचं दातेरी अवजार) फक्त खूण करायला वापरा. पुढून एकेक मिलिमीटर आत जाईल इतकंच ठोका. भोक आरीने पाडा, एकेक, शिवता शिवता. आरीचं पातं आडव्या छेदात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं हवं, गोल नको. गोल भोकात दोरा हवा तसा बसतो. तिरक्या चिरेत दोऱ्याला दोनच जागा असतात, वरचं टोक आणि खालचं टोक. टाक्याचा तिरकेपणा तिथून येतो.

मी शिकले ती पद्धत सांगते. पट्टा लाकडी चिमट्यात असा धरायचा की पुढची बाजू उजवीकडे येईल. एकच दोरा, दोन्ही टोकांना बोथट सुया. पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायच्या. शिवत आपल्याकडे यायचं. उजव्या हातात आरी आणि उजवी सुई दोन्ही असतात, आरी खाली ठेवायची नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आरी खुणेत बसवायची, पातं खुणेच्या तिरकसपणाशी जुळतंय ना बघायचं, आणि कातड्याला काटकोनात ढकलायची. मागे तिचं टोक कुठे निघतंय ते डाव्या हाताच्या मधल्या बोटाला कळतं. आरी मागे घेतली रे घेतली की डावी सुई त्याच भोकातून. ती अर्धी बाहेर आली की उजवी सुई तिच्याखाली आडवी लावायची, अधिकच्या चिन्हासारखी, आणि दोन्ही मिळून ओढून घ्यायच्या. मग मनगट वळवून उजवी सुई त्याच भोकात परत. ती जात असताना आधीचा दोरा किंचित मागे ओढत राहायचा. दोरा हलतोय म्हणजे सुई त्याच्यात घुसलेली नाही. घुसली तर तो टाका कधी घट्ट बसत नाही आणि उसवायलाही येत नाही, दोरा कापावाच लागतो.

आता मागच्या ओळीचं. उजवी सुई डावीकडे बाहेर निघते तेव्हा तिकडच्या दोऱ्याचा फास तिच्या टोकावरून टाकायचा आणि मग दोन्ही हात सारख्या जोराने बाहेर ओढायचे. त्या एका फासाने दोन दोऱ्यांची भोकातली जागा ठरते आणि मागचा टाकाही तिरका बसतो. तुमचे मध्येच सरळ, मध्येच तिरके येतात म्हणजे हा फास कधी पडतोय, कधी नाही. काही जण उजवी सुई आधी घालतात, काही फास टाकत नाहीत. कुठलाही क्रम धरा, पण पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत तोच ठेवा.

एक हिशोबही देते. दोरा शिलाईच्या चौपट घ्या असं सगळे सांगतात. ते जाडीवर अवलंबून आहे. एका टाक्याला पुढे ४ मिमी आणि मागे ४ मिमी दोरा लागतो, आणि भोकातून दोन दोरे जातात म्हणजे जाडीच्या दुप्पट. जाडी ३ मिमी असेल तर ४ + ४ + ६ = १४ मिमी, म्हणजे साडेतीनपट. जाडी ६ मिमी झाली तर २० मिमी, म्हणजे पाचपट. त्यात दोन्ही सुयांना धरायला २५-३० सेंमी जास्त. बॅगेच्या जाड कोपऱ्यावर दोरा संपण्याचं कारण हेच असतं.

वेताळटेकडी

हे एवढं स्पष्ट मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. मनापासून आभार. नवीन पट्टा करून दिवाळीच्या आधी कळवतो. फास मी टाकतच नव्हतो. जिथे तिरका आला तिथे आपोआप पडला असणार.

कापडचोपड (नाशिक)

मी कपडे शिवते, चामड्याचा अनुभव नाही. एक विचारू? एवढं करण्यापेक्षा जाड कापडाच्या मशीनवर का नाही शिवत? आमच्या गल्लीतला पर्सवाला मशीनवरच शिवतो आणि दिसायला छान दिसतं.

धुकं_आणि_चहा

मशीनची शिलाई वाईट नसते ताई, वेगळी असते. मशीनमध्ये वरचा दोरा वरच राहतो आणि खालचा खालीच. दोघांची गाठ कातड्याच्या पोटात पडते. एक दोरा कुठे झिजून तुटला की ओढल्यावर तिथून पुढे उसवत जातो, तुम्हाला कपड्यांवरून माहीतच असेल. हाताच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा पूर्ण ओळ धरून असतो. खोगिराच्या पट्ट्यावर माणसाचा जीव असतो, म्हणून खोगीरवाल्यांनी हा टाका सोडला नाही.

पंचगंगाकाठ

यात एक भर घालतो. आपल्याकडे रस्त्याकडेला बसणारे कारागीर आरी वापरतात तिच्या टोकाला खाच असते. आरी वरून घालायची, खाली धरलेला दोरा खाचेत अडकवून फास वर काढायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्या फासातून ओवायचं. म्हणजे तो हाताने घातलेला मशीनचाच टाका. चप्पल दोन मिनिटांत तयार हवी असते, तिथे तोच योग्य. खोगीरवाल्यांची आरी बिनखाचेची, नुसतं भोक पाडणारी. नाव एकच, काम वेगळं. दुकानात आरी मागताना हे लक्षात ठेवा, नाहीतर खाचेची घेऊन याल आणि ती दोरा फाडत बसेल.

आणि कोल्हापुरी चप्पल तर दोऱ्याशिवायच उभी आहे. खिळा नाही, दोरा नाही. तळ शिवायचा तो कातड्याच्याच वादीने. तळाला म्हशीचं जाड कातडं. भिजवून, ठोकून, थर घट्ट केला की रापीने, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या सुरीने, कड तासायची. वादीही ओली असताना ओवायची. वाळली की भोक गच्च भरून बसते. कातड्यात कातडं, दोन्ही एकत्र फुगतात, एकत्र आकसतात. दोरा कातडं कापतो, वादी कापत नाही.

जुन्या काळी कमावण्याची पद्धतही शिलाईचीच होती. कातड्याचीच पिशवी शिवायची, ती टांगायची आणि तिच्यात बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं पाणी ओतायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली येणार, खालचं परत वर ओतणार. त्या शिलाईतून पाणी गळलं तर कातडं कच्चं राहायचं.

धुकं_आणि_चहा

काय सुंदर! इथे डेव्हनमधल्या कॉलिटन गावात एक टॅनरी अजून ओकच्या सालीत कातडं कमावते, एकेका कातड्याला वर्षाच्या वर लागतं. माझ्या शिक्षकांकडे त्याचा एक पट्टा होता. कड नुसती ओल्या कापडाने चार वेळा घासली आणि आरशासारखी झाली, ना डिंक ना मेण. बाभूळ काय, ओक काय, साल आणि वेळ हेच खरं.

गोगलगाय

डिंकावरून आठवलं. कड घासताना लावायच्या ट्रॅगाकांथ डिंकाची बाटली महाग पडते. मी किराणा दुकानातला कतिरा वापरते. आपल्याकडे कतिरा म्हणून मिळतो तो बऱ्याचदा सोनसावरीचा वगैरे असतो, पण काम तेच करतो. चमचाभर कतिरा रात्रभर भरपूर पाण्यात. सकाळी जेली होते, ती मलमलीतून गाळायची आणि पातळ करायची. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, मग वास येतो.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहिते, कारण आमच्याकडे तो चार महिने घरातच मुक्कामाला असतो. सालीत कमावलेल्या कातड्यावर पांढरी बुरशी धरते, आणि सगळ्यात आधी कडेवर आणि टाक्यांच्या भोकांत, कारण तिथे कातडं उघडं असतं. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका. सुती कापडात गुंडाळून, हवा लागेल अशी. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसायची, सावलीत वारा द्यायचा, मग कडेला नव्याने मेण. उन्हात आणि हेअर ड्रायरखाली नको, कातडं तडकतं. दोरा लिननचा असेल तर मेण चोळल्याशिवाय शिवू नका, घाम आणि ओल त्याला खाते. रोजच्या पट्ट्याला मी मेण दिलेला पॉलिएस्टर वापरते. लिननचा देखणेपणा मला जास्त आवडतो, तरी आमच्या हवेत हेच बरं.

जुनीवही

वेताळटेकडी, घासण्याची पायरीही सांगून टाकतो, कारण तुम्ही ४०० वरून थेट पाण्यावर गेलात.

शिलाई झाली की टाक्यांवरून हलकी हातोडी. मग २२० ने कड एका पातळीत. मग बेव्हलरने (कडेचा धारदार कोपरा तासायचं अवजार) दोन्ही कोर काढा. ही पायरी गाळली तर घासताना कड दोन्हीकडे ओघळून बाहेर येते, अळंबीसारखी. मग ४००, मग ६००. रंग द्यायचा असेल तर आत्ता. पाणी किंवा डिंक अगदी कमी, बोटाने. वरची चमक जाईपर्यंत थांबा. ओलं गच्च असताना घासलं तर तंतू नुसते चिखलासारखे सरकतात. सुरुवातीला हलका हात आणि वेग, कड गरम लागली आणि रंग गडद व्हायला लागला की मग दाब. शेवटी जाड सुती कापड. कड कोरडी झाली की ८०० किंवा १०००, आणि परत एकदा पहिल्यापासून. दोन फेऱ्यांत काम होतं, तिसऱ्या फेरीत ते दिसतं.

फिरत्या मोटरवर घासणाऱ्यांनी जपून. सालीत कमावलेलं कातडं ओलं असताना ७०-८० अंशांना आकसायला लागतं. क्रोम त्यापेक्षा बरंच सहन करतं. मोटरवर तेवढी उष्णता क्षणात होते. कड काळी, ठिसूळ झाली की ती भाजली, परत येत नाही.

कापडचोपड

वाचूनच हात शिवशिवायला लागले. सुरुवात करायची तर किमान काय काय घ्यावं?

पंचगंगाकाठ

एक चांगली आरी, एक धारदार रापी किंवा चाकू, दोन बोथट सुया, मेण, दोरा, एक पट्टी आणि खुणा करायला जेवणाचा एक जुना काटा-चमचा. घासायला शिसवी किंवा कुठलंही घट्ट लाकूड, त्याला काचपेपरने गोल खाच करून घ्या. आणि कातडं चांगलं, लहान तुकडा का असेना. अवजारावर कमी खर्च करा, कातड्यावर नको.

मनात आहे ते लिहितो. मी चर्मकार घरातला. आजोबा तळ बसवायचे, आजी वेण्या घालायची आणि पट्टे शिवायची. कोल्हापुरीतलं ते नाजूक काम बायकांच्याच हातचं, पण चपलेवर नाव कधी त्यांचं आलं नाही. कातडं कमावणारे ढोर समाजाचे लोक, शिवणारे आम्ही. हे काम हातात आहे म्हणून आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळालं नाही. माझ्या वडिलांनी म्हणूनच मला आरी धरू दिली नाही, शाळेत घातलं. मी चाळिशीत, आजी गेल्यानंतर, तिची आरी हातात घेतली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या दिवशी घरी आजीच्या फोटोसमोर कागद ठेवला. आज शहरातली मुलं-मुली छंद म्हणून हे काम शिकतायत याचा मला खरोखर आनंद आहे. फक्त एवढं करा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या कारागिराकडे एकदा जाऊन बसा. कडेवर रापी कशी धरतात ते त्याच्या अंगठ्याकडे बघून शिका. आणि शिकलात तर त्याचे पैसे द्या.

धुकं_आणि_चहा

पंचगंगाकाठ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार. आजीच्या वेण्यांबद्दल वेगळा धागा काढाल का? मला खूप वाचायला आवडेल.

पंचगंगाकाठ

काढतो. वेणी हाताशिवाय समजत नाही, पण प्रयत्न करतो.

वेताळटेकडी

दिवाळीच्या आधी कळवतो म्हटलं होतं, तर हा वृत्तांत.

नवीन पट्टा झाला. वरचा थर कानपूरचं म्हशीचं, खोगिराच्या कामाचं चामडं, तासून २.४ मिमी. अस्तर तमिळनाडूतलं सालीत कमावलेलं बकरीचं, १.२ मिमी. दोन्हींचे तुकडे आधी उकळून पाहिले, दोन्ही आकसले. जुनीवहींनी सांगितलं तसं अस्तर मोठं ठेवलं, सोल्यूशन बाहेरपर्यंत, आणि दोन्ही थर एका कापात.

चौकातल्या काकांकडे तीन रविवार बसलो. त्यांची आरी खाचेची होती, पण रापी कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं. मी पातं ओढत होतो, ते कातडं सरकवतात आणि पातं जवळजवळ जागेवर ठेवतात. अंगठा कडेला टेकलेला, तोच पट्टीचं काम करतो. माझ्या पहिल्या तीन पट्ट्या त्यांनी बाजूला ठेवल्या, चौथी हातात घेऊन नुसती मान हलवली. पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी घेतले.

शिलाई ११० सेंमी लांबीच्या पट्ट्याला सगळीकडून मिळून साधारण २.२ मीटर. ४ मिमीने साडेपाचशे टाके. जाडी ३.६, म्हणजे ४ + ४ + ७.२, दोरा ३.८ पट. हात पुरेल एवढा म्हणून ५५-५५ सेंमीचे चार टप्पे केले, प्रत्येक जोडावर दोन टाके मागे. पहिल्या टप्प्यात तीन ठिकाणी फास विसरलो, मागून लगेच कळलं, तिथपर्यंत उसवून परत शिवलं. चौथ्या टप्प्यात हात आपोआप फास टाकत होता.

कडेच्या तीन फेऱ्या केल्या, कतिरा आणि शेवटी मेण. बकलाजवळ तासून घेतल्याने दुमड बसली. बाबांनी जुना काढून नवीन लावला, कडेवर अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘जुन्याचं काय करणार?’ जुना मी उसवतोय. वरचा थर चांगला आहे, त्याचं चष्म्याचं घर होईल.

एक शंका राहिली. दोन जोडांवर टाका बाकीच्यांपेक्षा किंचित जाड दिसतो, कारण तिथे भोकात चार दोरे आहेत. खोगीरवाले हे कसं लपवतात?

धुकं_आणि_चहा

लपवत नाहीत, जागा निवडतात. जोड लुप्याखाली किंवा बकलाच्या दुमडीत येईल असे टप्पे आखा, सारखे ५५-५५ नकोत. आणि मागे येताना त्या भोकांत आरी परत एकदा अलगद घाला, दोऱ्याला न लागता. जागा झाली की चार दोरे शेजारी बसतात, एकावर एक चढत नाहीत. मग हातोडी.